दुसरी फीत

शाळेचे जनरल रजिस्टर जीर्ण झाले, की त्यातल्या नोंदी नव्या रजिस्टरात उतरवून घ्याव्या लागतात. हे काम ज्यांनी केले आहे त्यांना त्याची रीत ठाऊक असते. एकजण जुन्यातून मोठ्याने वाचतो, दुसरा नव्यावर बोट ठेवून ताडून पाहतो, आणि सगळे ताडून झाल्यावरही जुने रजिस्टर कोणी रद्दीत घालत नाही. ते कपाटात राहते. जुन्याच पानांवर खाडाखोड करून त्यातून नवे रजिस्टर करावे, असा विचार कोणाच्या मनातही येणार नाही. संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजेच कार्यप्रणाली, बदलताना मात्र गेली चाळीस वर्षे आपण बहुतेक वेळा नेमके हेच करीत आलो. असे का झाले आणि त्यातून वाट काढण्यासाठी काय काय करावे लागले, हा इतिहास पाहण्यासारखा आहे.

सुरुवात फितीपासून करू. १९५०च्या दशकातील मोठे संगणक आपली माहिती चुंबकीय फितीवर ठेवीत. फितीला एक मोठी मर्यादा आहे. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने वाचावी लागते आणि तिच्या मधोमध एखादी नवी नोंद घुसडता येत नाही. समजा, एका कारखान्यातील कामगारांच्या पगाराची नोंद फितीवर आहे आणि या महिन्यात वीस नवे कामगार आले. मग एका यंत्रावर जुनी फीत लावायची, दुसऱ्यावर या महिन्यातले बदल, आणि दोन्ही वाचत वाचत तिसऱ्या यंत्रावरील कोऱ्या फितीवर नवी यादी लिहून काढायची. काम संपले तेव्हा जुनी फीत जशीच्या तशी शिल्लक! नव्या फितीत काही घोळ निघाला, तर जुनी फीत आणि बदलांची फीत घेऊन सारे पुन्हा करता येई. अशा तीन पिढ्या सांभाळायचा प्रघात पडला. इंग्रजीतही त्याला आजोबा-वडील-मुलगा असेच नाव आहे. नवा मुलगा जन्माला आला की आजोबांच्या आधीची फीत पुसून पुन्हा वापरात येई. फितीच्या चाकाला मागच्या बाजूने प्लॅस्टिकची एक कडी बसवीत. ती कडी नसेल तर यंत्र त्या फितीवर काही लिहूच शकत नसे. म्हणून जपायच्या फितीची कडी काढून ठेवीत. इतका साधा आणि इतका खात्रीचा बंदोबस्त पुढे क्वचितच झाला असेल.

कार्यप्रणाली ही कल्पनाही याच काळातली. त्यापूर्वी प्रत्येक कामासाठी यंत्र नव्याने मांडून घ्यावे लागे आणि त्यात संगणकाचा बराच वेळ फुकट जाई. १९५६ मध्ये जनरल मोटर्सचे रॉबर्ट पॅट्रिक आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनचे ओवेन मॉक यांनी आयबीएम ७०४ या संगणकासाठी, एक काम संपताच पुढचे आपोआप सुरू करणारी आज्ञावली तयार केली. ती कार्यप्रणालींची आद्य पूर्वज मानली जाते. अशा प्रणालीही फितीवरच राहत. नवी आवृत्ती आली, की नवी फीत लावायची; नाही चालली, की ती उतरवून जुनी लावायची. परतीची वाट जणू फुकटच मिळत होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये आलेला सीडीसी ३६०० हाही या फितींच्याच जमान्यातला संगणक.

मग चकती आली. आयबीएमने १९५६ मध्येच रॅमॅक नावाची यंत्रणा बाजारात आणली होती. तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या एका दांड्यावर फिरत आणि सगळ्या मिळून पन्नास लाख अक्षरे साठवीत. आज एका छायाचित्रालाही ती जागा पुरणार नाही, पण मुद्दा जागेचा नव्हता. चकतीवर हव्या त्या नोंदीपाशी थेट जाता येते आणि ती जागच्या जागी बदलता येते. हे केवढे मोठे सुख होते याची कल्पना फितीवर काम केलेल्यांनाच येईल. पण जागच्या जागी बदल म्हणजे जुने पुसून नवे लिहिणे. दुसरी फीत आपोआप उरत असे, ती आता उरेनाशी झाली. जुनी प्रत हवी असेल तर ती आठवणीने, वेगळे कष्ट घेऊन काढावी लागणार होती. बॅकअप हे एक स्वतंत्र काम झाले ते येथून, आणि जे काम स्वतंत्र असते ते राहून जाते!

या बदलाची खूण एका नावात अजून टिकून आहे. आयबीएमने एप्रिल १९६४ मध्ये सिस्टिम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली, पण फ्रेड ब्रुक्स यांच्या देखरेखीखाली तयार होणारी तिची मोठी कार्यप्रणाली वेळेवर पुरी होईना. तोवर काम भागावे म्हणून लहान प्रणाली काढल्या गेल्या. ज्यांच्याकडे फक्त फिती होत्या त्यांच्यासाठी टॉस, म्हणजे टेप ऑपरेटिंग सिस्टिम, आणि ज्यांच्याकडे चकती होती त्यांच्यासाठी डॉस, म्हणजे डिस्क ऑपरेटिंग सिस्टिम. टॉस विस्मृतीत गेले. डॉस हे नाव मात्र १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका अगदी वेगळ्या प्रणालीने पुन्हा घेतले आणि आपल्याकडे निदान एक पिढी 'संगणक शिकणे' म्हणजे डॉसच्या आज्ञा पाठ करणे असे समजून वाढली.

त्या वर्षीच्या आयबीएम पीसीत हार्ड डिस्क नव्हती. डॉसची फ्लॉपी घालून संगणक सुरू करायचा आणि आपले काम दुसऱ्या फ्लॉपीवर ठेवायचे. म्हणजे फितीच्याच दिवसांत परत आल्यासारखे होते. नवे डॉस पसंत पडले नाही तर जुनी फ्लॉपी घालायची. १९८३ मध्ये आलेल्या पीसी-एक्सटी या मॉडेलमध्ये दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क आली. त्या दिवसापासून घरगुती आणि शालेय संगणकात कार्यप्रणाली आणि माणसाचे काम एकाच चकतीवर, एकाच छताखाली नांदू लागले. एकाला हात लावायचा तर दुसऱ्याला धक्का लागण्याची भीती आली.

आता प्रश्न असा, की कार्यप्रणाली बदलणे हे एखादी साधी आज्ञावली बदलण्यापेक्षा अवघड का? साधी आज्ञावली थांबवता येते, पुसता येते, नवी आणून ठेवता येते, कारण ही सगळी हमाली कार्यप्रणाली करते. कार्यप्रणालीच बदलायची तर हमाली करणार कोण? शिवाय संगणक सुरू होतानाची साखळी फार नाजूक असते. वीज मिळताच एका कायमस्वरूपी चिपमधील छोटीशी आज्ञावली चकतीच्या अगदी पहिल्या तुकड्याला वाचते, तो तुकडा कार्यप्रणालीच्या मूळ फाइल्स शोधतो आणि त्या फाइल्स बाकीचे सारे उभे करतात. सुरुवातीच्या डॉसमध्ये तर अशा दोन फाइल्स चकतीवर ठरावीक जागीच असाव्या लागत. त्या नुसत्या कॉपी करून चालत नसे, त्यासाठी सिस ही वेगळी आज्ञा होती. या साखळीचा एक दुवा नवा आणि दुसरा जुना राहिला, तर संगणक उठतच नाही. आपल्याकडे भारनियमनाच्या दिवसांत नेमके अशा वेळी दिवे गेले तर काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

१९९१ च्या जून महिन्यात डॉसची पाचवी आवृत्ती आली. चालू संगणकावर जुन्याच्या जागी घालण्यासाठी म्हणून मायक्रोसॉफ्टने थेट ग्राहकांना विकलेली ही पहिली आवृत्ती. तिच्या कर्त्यांनी परतीच्या वाटेचा विचार केला होता. काम सुरू करण्याआधी ती एखाद-दुसरी कोरी फ्लॉपी मागे आणि तिच्यावर 'अनइन्स्टॉल' असे लिहून ठेवायला सांगे. जुन्या डॉसच्या फाइल्स चकतीवरच्या एका वेगळ्या कप्प्यात हलवल्या जात. काही बिघडले तर ती फ्लॉपी घालून संगणक सुरू करायचा, की जुने डॉस परत. सगळे ठीक आहे अशी खात्री पटली, की एका आज्ञेने जुना कप्पा पुसून टाकायचा, आणि मग मात्र परतीचा रस्ता बंद. मला ही मांडणी फार शहाणपणाची वाटते. चकतीच्या जमान्यात 'दुसरी फीत' मुद्दाम बनवून ग्राहकाच्या हातात दिलेली होती.

याच आवृत्तीत आणखी एक बारकावा आहे. बॅकअप या आज्ञेने काढून ठेवलेली प्रत रिस्टोअर या आज्ञेने चकतीवर परत आणता येई, पण डॉसच्या त्या दोन मूळ फाइल्स मात्र रिस्टोअर जाणूनबुजून परत आणत नसे. कारण उघड आहे. प्रत काढल्यानंतर तुम्ही डॉस बदललेले असेल, तर जुन्या फाइल्स नव्यांवर येऊन बसतील आणि घर सावरायला आलेला पाहुणाच घर पाडील. माणसाचे काम आणि कार्यप्रणाली या दोन गोष्टींच्या प्रती वेगवेगळ्या ठेवायच्या असतात, हे तत्त्व त्या एका अपवादात दडलेले आहे. प्रत काढण्याचे कष्ट मात्र वेगळेच. चाळीस मेगाबाइटची चकती १.२ मेगाबाइटच्या फ्लॉप्यांवर उतरवायची, तर चौतीस फ्लॉप्या क्रमांक घालून एकामागून एक बदलत बसावे लागे. हे काम किती जण नेमाने करीत असतील याचा अंदाज वाचकांनीच करावा.

मग कार्यप्रणाली बदलायचीच कशाला, असे कोणी विचारील. आमच्यासारख्यांच्या प्रयोगशाळांत हा प्रश्न रोजचा आहे. लाखो रुपयांचे एखादे उपकरण जुन्या विंडोज एक्सपीवरच चालते, कारण ते चालवणारी आज्ञावली नव्या विंडोजसाठी कोणी लिहिलेलीच नसते. एक्सपीला मिळणारा निर्मात्यांचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. असे संगणक इंटरनेटपासून तोडून, जपून वापरावे लागतात. न जपल्यास काय होते ते १२ मे २०१७ रोजी जगाने पाहिले. वॉनाक्राय नावाची खंडणीखोर आज्ञावली विंडोजमधील एका फटीतून शिरली आणि फाइल्स कुलूपबंद करून पैसे मागू लागली. ती फट बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी दिलेली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले, आणि इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेतील सुमारे एक तृतीयांश रुग्णालय-संस्थांच्या कामावर परिणाम झाला. अनेक रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. तेव्हा न बदलण्यालाही किंमत पडते. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि हाच प्रश्न पुष्कळ शाळांच्या संगणक-कक्षांपुढेही आला.

बदलण्याला काय किंमत पडू शकते, याचे उदाहरण विंडोज १० च्याच इतिहासात आहे. २ ऑक्टोबर २०१८ रोजी तिची १८०९ क्रमांकाची आवृत्ती वाटायला सुरुवात झाली आणि चारच दिवसांत ती थांबवावी लागली. काही लोकांच्या फाइल्स नाहीशा झाल्या होत्या. घडले ते असे. मुख्य चकतीवर जागा कमी पडते म्हणून काही जण 'डॉक्युमेंट्स' हा कप्पा दुसऱ्या चकतीवर हलवतात. हलवल्यावर जुन्या ठिकाणी त्याच नावाचा कप्पा राहतो. आधीच्या आवृत्तीत असे रिकामे जोडकप्पे दिसतात अशी लोकांची तक्रार होती, म्हणून नव्या आवृत्तीत ते साफ करण्याची सोय केली गेली. पण कप्पा हलवताना काहींनी जुन्या फाइल्स जुन्याच ठिकाणी ठेवल्या होत्या. त्यांच्या दृष्टीने तो कप्पा रिकामा नव्हता. कार्यप्रणालीच्या दृष्टीने तो अडगळ होता. मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्यानुसार तक्रारींचे प्रमाण दहा हजारांत एक एवढेच होते, पण त्या एकाचे दुःख त्यामुळे कमी होत नाही. चाचणी-आवृत्ती वापरणाऱ्या काहींनी हा दोष आधीच कळवला होता. फार जणांनी दुजोरा न दिल्यामुळे त्या तक्रारी तळाशी राहिल्या. पुढे कंपनीने तक्रार करणाऱ्याला दोषाचे गांभीर्यही नोंदवता येईल अशी व्यवस्था केली. ती आवृत्ती दुरुस्त होऊन १३ नोव्हेंबरला पुन्हा बाहेर आली. तोवर ज्यांच्याकडे वेगळी प्रत होती त्यांनाच ही गोष्ट शांतपणे वाचता आली असेल.

पण वेगळी प्रत आहे असे वाटणे आणि ती असणे यांत अंतर आहे. जगभरचे आज्ञावलीकार आपले काम ज्या गिटलॅब या सेवेत ठेवतात, तेथे ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री एका अभियंत्याने चुकीच्या संगणकावर पुसण्याची आज्ञा दिली. एक-दोन सेकंदांत चूक उमगली, पण सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार गिगाबाइटच उरले होते. प्रती राखण्याचे पाच मार्ग त्यांच्याकडे होते. पाहतात तो एकही धड चालत नव्हता! त्यातला एक तर आपल्या विषयाला अगदी जवळचा आहे. त्यांची माहिती ज्या पोस्टग्रेस या प्रणालीत होती ती ९.६ आवृत्तीवर नेलेली होती, पण रोज प्रत काढणारी आज्ञावली ९.२ आवृत्तीची चालत होती. जुन्याला नवे वाचता येईना, म्हणून ती दररोज निमूटपणे अपयशी ठरत होती. अपयश कळवणारी ई-मेलही मधल्यामध्ये नाकारली जात होती. एका अभियंत्याने वेगळ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने काढलेली एक प्रत निघाली आणि तिच्यावर निभावले, सहा तासांचे काम तेवढे गेले. गिटलॅबने ही सारी हकिगत स्वतःहून जाहीर केली म्हणून आपल्याला ती कळते. अशा किती हकिगती दडपल्या गेल्या असतील! एक गोष्ट येथे लक्षात घ्यावी. ते प्रत काढत होते, पण ती प्रत परत आणून कोणी पाहत नव्हते. रजिस्टर उतरवले होते, ताडले नव्हते.

परत आणून पाहण्याचे काम अॅपलने एकदा मोठ्या हिकमतीने केले. मार्च २०१७ मध्ये आयफोनच्या १०.३ या आवृत्तीबरोबर चकतीवरील फाइल्सच्या मांडणीची पद्धतच बदलायची होती, आणि तीही कोट्यवधी लोकांच्या हातातल्या फोनमध्ये. आधीच्या आवृत्त्या बसताना फोनने ही सगळी मांडणी गुपचूप करून पाहिली होती, ती जुळते का ते तपासले होते आणि पुन्हा जुनीच ठेवली होती. रंगीत तालीमच म्हणायची, फक्त प्रेक्षकांना तिचा पत्ता नव्हता.

या सर्वांहून बिकट प्रयोग पृथ्वीवर झालेला नाही. क्युरिऑसिटी ही गाडी ऑगस्ट २०१२ मध्ये मंगळावर उतरली तेव्हा तिच्या संगणकात प्रवास आणि उतरणे यांसाठीची आज्ञावली होती. उतरून झाल्यावर ती निरुपयोगी, आणि गाडी चालवण्याची, हाताने खडक उचलण्याची आज्ञावली हवी. ती वाटेतच पृथ्वीवरून पाठवून स्मृतीत ठेवलेली होती. अंतर सुमारे २५ कोटी किलोमीटर, संदेश पोचायला जवळजवळ चौदा मिनिटे, आणि संगणक अडकला तर बटण दाबायला तेथे कोणी नाही. मात्र गाडीत 'अ' आणि 'ब' असे दोन सारखे संगणक होते. १० ते १३ ऑगस्ट या चार दिवसांत टप्प्याटप्प्याने काम झाले. आधी मुख्य संगणकावर नवी आवृत्ती तात्पुरती चालवून पाहिली, मग कायम केली आणि त्यानंतर दुसऱ्या संगणकाकडे वळले. दोन्हींना एकदम हात लावला नाही.

ही सावधगिरी वाया गेली नाही. फेब्रुवारी २०१३ च्या अखेरीस 'अ'च्या स्मृतीत बिघाड झाला आणि २८ तारखेला गाडीचा कारभार 'ब'कडे सोपवला गेला. 'अ'मधला खराब भाग वेगळा काढून त्याला राखीव ठेवले. साडेपाच वर्षांनी 'ब' कुरकुरू लागला, तेव्हा ३ ऑक्टोबर २०१८ रोजी 'अ' पुन्हा कामावर रुजू झाला. ज्या आठवड्यात पृथ्वीवर विंडोजच्या आवृत्तीने लोकांचे कप्पे साफ केले, त्याच आठवड्यातली ही गोष्ट! एप्रिल २०२३ मध्ये या गाडीची आज्ञावली पुन्हा बदलली, सुमारे १८० सुधारणांसह.

'अ' आणि 'ब'ची हीच युक्ती आता शाळेत पोचली आहे. २०११ पासून विकल्या गेलेल्या क्रोमबुकमध्ये आणि २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून पुष्कळ फोनमध्ये कार्यप्रणालीसाठी दोन कप्पे असतात. एका कप्प्यातली प्रणाली चालू असताना नवी दुसऱ्यात उतरते. पुढच्या वेळी फोन सुरू होताना नवी आजमावली जाते आणि ती उठली नाही तर जुनी पुढे येते. फितीचे जुने सुख असे साठ वर्षांनी परत मिळाले. परंतु दोन कप्पे असतात ते कार्यप्रणालीचे. तुमची छायाचित्रे आणि निकालपत्रके यांचा कप्पा एकच असतो आणि फोन विहिरीत पडला तर 'अ' आणि 'ब' बरोबरच बुडतात.

मराठीत लिहिणाऱ्यांना यापुढचाही एक अनुभव आला आहे. प्रत शाबूत, ताडलेली, एकही बिट इकडचे तिकडे नाही, आणि तरी वाचता येत नाही. डॉसच्या काळात पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड संगणकात बसवून देवनागरी मिळे. तिची अक्षरे इस्की या सांकेतिक पद्धतीने साठवली जात, आणि १९९१ मध्ये ती पद्धत भारतीय मानक झाली. पुढे विंडोज आले तेव्हा तिला देवनागरी येत नव्हती. म्हणून अनेक कंपन्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले फॉन्ट काढले, ज्याचा त्याचा नकाशा वेगळा. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आणि मंगल हा फॉन्ट आला आणि जुन्या फाइल्स हळूहळू परक्या झाल्या. १९९०च्या दशकात शाळेच्या हस्तलिखिताऐवजी संगणकावर जुळवलेला वार्षिक अंक आज उघडला, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा कचरा दिसतो. तो कचरा नव्हे, मराठीच आहे. तिचा अर्थ सांगणारा फॉन्ट मागच्या कार्यप्रणालीबरोबर गेला.

अशा फाइल्स युनिकोडमध्ये बदलणाऱ्या आज्ञावल्या आहेत, पण त्यांना काही ठिकाणी ठेच लागते. 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी कागदावर क च्या आधी दिसते. जुन्या फॉन्टमध्ये ती तशीच आधी साठवलेली असे. युनिकोडमध्ये आधी क आणि मग वेलांटी. 'धर्म'मधला रफार तर उलट प्रवास करतो. तो दिसतो म च्या डोक्यावर, जुन्या फॉन्टमध्ये साठवलेला म च्या नंतर, आणि युनिकोडमध्ये मात्र म च्या आधी हलन्त र म्हणून यावा लागतो. जोडाक्षरात हे दोन्ही एकदम आले, की बदलणारी आज्ञावली चुकते. 'मूर्ति' किंवा 'कार्यार्थी' असे शब्द घालून विद्यार्थ्यांना हा बदल हाताने करून पाहायला सांगावा. तासाभराचा चांगला पाठ होतो. जुन्या अंकाची छापील प्रत शाळेच्या ग्रंथालयात असेल, तर बदललेला मजकूर तिच्याशी ताडायला दोघे बसवावेत, एक वाचणारा आणि एक बोट ठेवणारा.